कॉलेज, मोर्चा आणि कारणे दाखवा नोटीस: नाशिकच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज रोडपासून दिंडोरी, सिन्नर, मालेगावपर्यंतच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. घरी आलेलं कॉलेजचं पत्र वाचून घाबरलेल्या आईवडिलांनीही वाचायला हरकत नाही. लिहिणारा वकिली करतो आणि अशा पत्रांना उत्तरं तयार करून देणं हा त्याच्या कामाचा भाग आहे. मधे मधे त्याचं मत डोकावेल. ते मत म्हणूनच वाचावं.

कॉलेजात शिकत असताना मोर्चाला जाता येतं का?

येतं. मत मांडणं, शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमणं, संघटना करणं हे हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने नागरिकाला दिले आहेत. प्रवेश अर्जावर सही केली म्हणून ते प्राचार्यांकडे गहाण पडत नाहीत. हे हक्क अमर्याद नाहीत, हेही त्याच कलमात लिहिलं आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशा ठरावीक कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात. ‘वरून फोन आला’ हे त्या यादीत नाही.

नाशिकला हे वेगळं शिकवायची गरज नसावी. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला इथेच सुरू झाला. ६ मार्च २०१८ ला सीबीएस चौकातून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईच्या वेशीवर पोहोचला, तेव्हा दहावीच्या परीक्षा चालू होत्या. मुलांना त्रास नको म्हणून शेतकरी शेवटचा टप्पा रात्रीच चालले. आंदोलन आणि परीक्षा एकमेकांचे शत्रू असतात, असं म्हणणाऱ्यांना हे सांगत जा.

मोर्चाला जाणं हक्क आहे. त्या दिवसाची हजेरी मिळणं हक्क नाही. हजेरी कमी भरली तर ‘आंदोलनात होतो’ हे कारण चालेलच असं नाही.

गेटच्या आत आणि गेटच्या बाहेर, फरक पडतो का?

बराच. रस्ता सगळ्यांचा आहे. अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांविरुद्धच्या १९७३ च्या हिम्मतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, रस्त्यावरच्या सभांचं नियमन सरकार करू शकतं, सरसकट बंदी घालू शकत नाही. आवारात मात्र कॉलेजचा शब्द जास्त चालतो. तास, परीक्षा, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा अडू नयेत म्हणून कुठे, कधी आणि किती आवाजात, हे कॉलेज ठरवू शकतं. केरळ उच्च न्यायालयानं तर २००३ मध्ये, आवारातल्या राजकीय कामावर कॉलेज बंदी घालू शकतं, इथपर्यंत मजल मारली. ती भूमिका मला पटत नाही, पण समोरचा वकील ती वाचून दाखवणार, तेव्हा माहीत असलेली बरी.

प्रत्यक्षात भांडण बहुतेक वेळा समान वागणुकीचं असतं. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला सभागृह उघडतं आणि तपोवनातल्या वृक्षतोडीवर बोलायला झाडाखाली गोल करून बसलेल्या मुलांना नोटीस जाते. असं झालं असेल तर आधीच्या कार्यक्रमाची तारीख, फोटो, पत्रिका जपून ठेवा. नियम सगळ्यांना सारखा लावला नाही, हा मुद्दा ‘आमचं स्वातंत्र्य’ या मुद्द्यापेक्षा कितीतरी वेळा जास्त उपयोगी पडतो.

बॅनरवर कॉलेजचं नाव घातलं तर?

शक्यतो घालू नका. यावर मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं प्रकरण मुळातून समजून घेण्यासारखं आहे. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या मोर्चात गेलेल्या तिथल्या एका पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला एप्रिलमध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं. तो ज्या संघटनेच्या फलकाखाली चालला तिच्या नावात संस्थेचं नाव होतं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निलंबन कायम ठेवलं. विद्यार्थ्याला राजकीय मत असू शकतं, पण त्या मतामागे संस्था उभी आहे असा समज झाला तर संस्थेला कारवाई करता येते, असा साधारण सूर होता. पुढे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निलंबन तोवर भोगलेल्या काळापुरतं मर्यादित केलं आणि त्याला पीएचडी पुरी करायची वाट मोकळी झाली.

म्हणजे विद्यार्थी पूर्ण जिंकला नाही आणि संस्थाही नाही. मधे वर्ष गेलं ते गेलंच. ‘आम्ही, नाशिकचे विद्यार्थी’ असं लिहिल्यानं घोषणेची धार बोथट होत नाही आणि नोटिशीतला निम्मा मजकूर आपोआप गळतो. कॉलेजचं आयकार्ड गळ्यात घालून, कॉलेजचा टीशर्ट घालून मोर्चात जाण्याचंही तेच.

कारणे दाखवा नोटीस आली. आता?

आधी ती नीट वाचा. मजकूर बहुतेक असा असतो: ‘आपण महाविद्यालयाच्या प्रतिमेस बाधा येईल असे वर्तन केल्याचे निदर्शनास आले आहे. तरी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काहीही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कारवाई करण्यात येईल.’ खाली शिक्का, सही आणि जावक क्रमांक.

आता यात काय नाही ते पाहा. कोणत्या दिवशी, कुठे, नेमकं काय केलं ते नाही. कोणता नियम मोडला ते नाही. कोणी तक्रार केली, कोणता व्हिडिओ पाहिला ते नाही. आरोपच कळला नाही तर उत्तर कशाचं देणार? म्हणून पहिलं पत्र खुलाशाचं नसतं, मागणीचं असतं: नियमाचा क्रमांक, तक्रारीची प्रत, पुरावा आणि खुलाशासाठी वाजवी मुदत. भाषा नम्र ठेवा. हे पत्र उद्या न्यायाधीश वाचणार आहेत असं धरून लिहा. मुदत वाढवून मिळाली नाही तर दिलेल्या मुदतीत थोडक्यात खुलासा द्याच, आणि ‘कागदपत्रे मिळाल्यावर सविस्तर म्हणणे मांडण्याचा हक्क राखून’ हे शब्द त्यात घाला.

पत्र आवक-जावक खिडकीवर द्यायचं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्यायची. ‘सरांना भेटा, पत्राची काही गरज नाही’ असं क्लार्क म्हणतील. सरांना जरूर भेटा, पण शिक्का घेऊन. पत्र घेतलंच नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं पाठवा. माझ्या पाहण्यात मुलं हरतात ती घटनेच्या कलमांवर नाही, याच खिडकीवर हरतात. उत्तर दिलंच नाही, किंवा दिलं त्याचा पुरावा नाही.

‘माफीनामा लिहून दे, विषय संपव’ असं सांगतात. लिहावा का?

खरंच काही चुकीचं केलं असेल, काच फोडली असेल, शिक्षिकेला उलट बोलला असाल, तर तेवढ्या कृत्याबद्दल दिलगिरी लिहायला लाज कसली? पण ‘मी देशविरोधी घोषणा दिल्या’, ‘यापुढे कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ असं टाइप केलेलं हमीपत्र समोर ठेवलं तर सही करू नका. ती कबुली होते आणि फाइलमध्ये राहते. पालकांना समोर बसवून सही घेण्याची पद्धत आहे. वडील घाबरलेले असतात, आई रडते, मुलगा सही करतो. एक वाक्य पुरतं: ‘घरी वाचून उद्या देतो.’ मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि जे केलं तेवढंच लिहायचं.

म्हणणं न ऐकताच काढून टाकलं तर?

तिथे कॉलेजची बाजू सर्वांत लंगडी असते. परीक्षेचा निकाल रद्द करण्याआधी विद्यार्थ्याला बाजू मांडू दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्येच घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सांगितलं. ताजं उदाहरण आपल्याच विद्यापीठातलं, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातलं आहे. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टमुळे अटक झाली. पोस्ट तिनं काढून टाकली होती, माफीही मागितली होती. तरी कॉलेजनं तिला ऐकून न घेताच रस्टिकेट केलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या खंडपीठानं तिची सुटका करायला लावली, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि तिला परीक्षेला बसू दिलं.

चौकशी चालू असेपर्यंत केलेलं निलंबन आणि शिक्षा म्हणून काढून टाकणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलं सुनावणीआधी होऊ शकतं, पण ते थोड्या दिवसांचं असावं. ‘चौकशी होईपर्यंत’ असं लिहून सेमिस्टर उलटून गेलं, तर ती शिक्षाच झाली असं म्हणता येतं.

शिस्तपालन समितीपुढे वकील नेता येतो का? तक्रारदाराला प्रश्न विचारता येतात का?

वकिलाचा हक्क सहसा मिळत नाही. उलटतपासणीचंही तसंच. रांचीच्या मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात, मुलींच्या वसतिगृहात शिरल्याच्या आरोपावरून विद्यार्थ्यांना काढलं होतं आणि मुलींचे जबाब आरोपी मुलांच्या पाठीमागे घेतले होते. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये ती पद्धत योग्य ठरवली, कारण मुलींना समोरासमोर आणलं असतं तर त्यांना त्रास झाला असता. न्याय्य सुनावणी म्हणजे कोर्टाची नक्कल नव्हे. पण समितीत कोण बसलं होतं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं याची टिपणं घरी आल्या आल्या काढा. तक्रार करणारे प्राध्यापकच समितीत असतील तर तिथल्या तिथे लेखी हरकत नोंदवा.

व्हॉट्सॲप स्टेटसवरून कारवाई होऊ शकते?

नोटीस येऊ शकते. टिकते का, हा पुढचा प्रश्न. कोल्हापूर जिल्ह्यात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकानं कलम ३७० रद्द झाल्याचा दिवस ‘काळा दिवस’ म्हणून स्टेटसला टाकला आणि पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या शुभेच्छा दिल्या. गुन्हा दाखल झाला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि शब्दांचा परिणाम समंजस माणसाच्या नजरेतून जोखायचा, दुबळ्या मनाच्या माणसाच्या नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. त्याआधी २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, प्रचार आणि चिथावणी यांत फरक केला होता. कात्री लागते ती चिथावणीला.

ग्रुपमध्ये दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला, संगनमत असल्याशिवाय, ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. हे २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं सांगितलं आहे.

पण जातीधर्मावरून भडकवणारा मजकूर (भारतीय न्याय संहितेचं कलम १९६), धमकी, प्राचार्यांचा फोटो मॉर्फ करून फिरवणं किंवा वर्गातल्या मुलीचा नंबर टाकणं याला भाषणस्वातंत्र्य म्हणत नाहीत. अशा प्रकरणात माझ्याकडे आलात तर मी आधी पोस्टचा स्क्रीनशॉट मागेन आणि मग बोलेन.

शहरात ‘मनाई आदेश’ आहे म्हणतात. मग सगळंच बंद?

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त शहरात आणि जिल्हा दंडाधिकारी ग्रामीण भागात हे आदेश काढतात. शासनाच्या मंजुरीशिवाय ते १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणून वर्तमानपत्रात ती बातमी दर पंधरवड्याला दिसते. पाच किंवा जास्त माणसं परवानगीशिवाय जमू नयेत, असा बहुतेक आदेशांचा अर्थ असतो. परवानगी मागायची सोय असतेच.

असा आदेश मत दाबायला वापरता येत नाही. बीड जिल्ह्यात माजलगावला २०२० मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्ध बसू पाहणाऱ्यांना याच कलमाचं कारण देऊन परवानगी नाकारली होती. औरंगाबाद खंडपीठानं आदेश आणि नकार दोन्ही रद्द केले. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कोणी देशद्रोही ठरत नाही, असं तेव्हा न्यायालयानं सुनावलं.

आदेश मोडला म्हणून न्याय संहितेचं कलम २२३ लावलं असेल तर एक बारकावा पाहा. संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही. नुसत्या पोलीस एफआयआरवर उभे केलेले खटले इथेच अडतात.

परवानगीचा अर्ज कसा करायचा?

हद्दीच्या पोलीस ठाण्यात, काही दिवस आधी, लेखी. जागा, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि दोन-तीन जबाबदार मुलांची नावं. लाउडस्पीकरसाठी वेगळी परवानगी. रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच. नकार तोंडी दिला तर लेखी मागा. लेखी नकाराला आव्हान देता येतं. नाव देणारा मुलगा पुढे सगळ्यांच्या वतीनं आरोपी होतो, ही भीती खोटी नाही, तेव्हा नावं ज्यांनी त्यांनी विचार करून द्यावीत.

पोलिसांनी गाडीत बसवून नेलं तर?

बहुतेक वेळा पोलीस अधिनियमाचं कलम ६९ वापरतात. त्यात किरकोळ बाबतीत प्रसंग टळल्यावर सोडून द्यायची सोय आहे. म्हणून मंत्र्यांचा ताफा गेला की संध्याकाळी मुलं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी ‘ताब्यात घेऊन सुटका’ अशी बातमी. आदल्या रात्री हाती पडते ती ‘१४९ ची नोटीस’, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी आधीच दिलेली ताकीद; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६८ झालं, बोलताना जुना आकडाच चालतो. ती घेतली म्हणून तुम्ही गुन्हेगार होत नाही.

खरी अटक असेल तर कारण सांगितलं पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे, वकिलाला भेटू दिलं पाहिजे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी मुलीला अटक करायची नाही; अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. कोऱ्या कागदावर सही करू नका. फोनचा पासवर्ड देण्याआधी वकिलाशी बोला.

दगड कोणी तरी दुसऱ्यानं मारला, हा बचाव वाटतो तेवढा भक्कम नाही. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव ठरला की समान उद्देशानं केलेल्या कृत्याला जमावातला प्रत्येक जण जबाबदार धरता येतो (न्याय संहितेचं कलम १८९ आणि १९०). वातावरण तापलं की बाजूला व्हा, आणि बाजूला झाल्याचं दिसेल असं व्हा.

मी अकरावीत आहे, १८ पूर्ण नाहीत.

मग तुम्ही कायद्यानं बालक आहात. पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. वयाचा पुरावा, दहावीचं प्रमाणपत्र, घरच्यांच्या फोनमध्ये असू द्या. कोणत्याही संघटनेनं कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं संख्या दाखवायला नेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुन्हा दाखल झाला तर एमपीएससी, पोलीस भरतीचं काय?

हा प्रश्न नाशिकमध्ये सर्वांत जास्त येतो, आणि साहजिक आहे. पोलीस अकादमी इथेच त्र्यंबक रोडला, अभ्यासिका गल्लोगल्ली. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल लक्षात ठेवा. माहिती लपवली तरी, तरुणपणी घोषणा दिल्यासारखं प्रकरण क्षुल्लक असेल तर नेमणूक करणाऱ्याला तिकडे दुर्लक्ष करता येतं, असं त्यात घोषणांचं नाव घेऊन म्हटलं आहे. पण ते त्यांच्या मर्जीवर आहे, तुमचा हक्क नाही. म्हणून साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) विचारलेलं सगळं खरं भरा. गुन्ह्यानं जेवढ्या नोकऱ्या जातात त्याहून जास्त लपवल्यानं जातात.

राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात. ते आपोआप लागू होत नाहीत. अर्ज, समिती, सरकारी वकील आणि शेवटी न्यायालयाची संमती, एवढी वाट आहे. जीवितहानी किंवा मोठं नुकसान झालेलं प्रकरण त्यात बसत नाही.

विद्यार्थी परिषदेची निवडणूक लढवायची असेल तर लिंगडोह समितीच्या अटी आहेत. २००६ पासून त्या लागू आहेत आणि त्यांत शिस्तभंगाची कारवाई झालेला उमेदवार चालत नाही. आपल्याकडे २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं निवडणुका परत आणल्या, २०१९ मध्ये त्या तोंडावर आल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. बोलायला हक्काची परिषद नसली की मुलं गेटवर येतात, हे शासनाला कोणी सांगायचं?

आमचं कॉलेज खासगी संस्थेचं आहे. तिथे घटना लागू होते का?

‘आम्ही विनाअनुदानित आहोत, आमचे नियम आमचे’ हे ऐकून परत फिरू नका. शिक्षण हे सार्वजनिक काम आहे आणि ते करणाऱ्या खासगी संस्थेविरुद्धही उच्च न्यायालयात रिट (हक्क डावलल्याबद्दल थेट उच्च न्यायालयात करायची याचिका) चालू शकते, हे १९८९ च्या अँडी मुक्त प्रकरणापासून मान्य आहे. शिवाय संलग्न कॉलेजला विद्यापीठाचे नियम पाळावेच लागतात. खासगी विद्यापीठात त्यांचा स्वतःचा कायदा आणि परिनियम असतात. ते आधी मागवा.

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहतो. आंदोलन केलं तर गृहपाल काढून टाकतील का?

धमकी देतात खरी. आदिवासी विकास भवनासमोर भोजनाच्या पैशासाठी, रखडलेल्या डीबीटीसाठी बसलेली मुलं नाशिकनं अनेकदा पाहिली आहेत. वसतिगृह सरकारी आहे, म्हणजे इथे घटनेची कलमं थेट लागू. प्रवेश रद्द करायचा तर लेखी आदेश, कारण आणि तुमचं म्हणणं ऐकणं हे सगळं हवं. रात्री उशिरा परतणं, नोंदवहीत सही नसणं अशा नियमभंगांवर बोट ठेवून आंदोलनाचा राग काढला जातो. म्हणून आंदोलनाच्या दिवसांत नोंदवही चोख ठेवा. धरण्याला जाताना रजेचा अर्ज देऊन जा.

बाहेरची संघटना येऊन तास बंद करायला लावते. आम्हाला शिकायचं असेल तर?

शिकायचा हक्क तुमचाही आहे. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदसाठी उच्च न्यायालयानं पुढच्या वर्षी शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाखांचा दंड केला होता. वर्गात येऊन आवाहन करणं एक, बाकं उलटवणं दुसरं. दुसऱ्या प्रकारात कॉलेजनं पोलिसांना बोलावलं तर तक्रारीला जागा नाही, मग संघटना कोणत्याही रंगाची असो.

भिंतीवर घोषणा रंगवल्या तर?

विद्रूपीकरणाचा वेगळा कायदा आहे, १९९५ चा. पुठ्ठ्यावर लिहा.

परदेशी विद्यार्थी भाग घेऊ शकतो?

कलम १९ नागरिकांसाठी आहे आणि व्हिसाच्या अटी असतात, त्यामुळे जपून. तरी सुनावणीशिवाय हाकलता येत नाही. २०२० मध्ये कोलकात्यातल्या एका पोलिश विद्यार्थ्याला दिलेली देश सोडण्याची नोटीस तिथल्या उच्च न्यायालयानं रद्द केली.

दाद कुठे मागायची? पैसे नाहीत.

पहिली पायरी कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पटला नाही तर त्यानंतर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. छळ, सूडबुद्धीची वागणूक, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं हे सगळं या समितीपुढे नेता येतं. परीक्षा आठवड्यावर आली असेल तर या पायऱ्यांची वाट पाहू नका, थेट रिट करा. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतो.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर नाशिक जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. जाताना नोटीस, तुमच्या उत्तराची शिक्क्याची प्रत, आयकार्ड आणि फी भरल्याची पावती सोबत न्या.